विश्लेषण : बोटांच्या बेचक्यातली खाज अंगावर काढणे महागात का पडते?

रायगडच्या किनारपट्टीवर जुलैत भातलावणी असते, तर १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की बंदरांवर लगबग सुरू होते. दोन्हीकडे पाय दिवसभर ओले. ‘पावसात चिखल्या होणारच’ म्हणून सोडून दिलेला त्रास अनेकदा बुरशीचा संसर्ग, म्हणजे ‘टिनिया पेडिस’ असतो.

लक्षणे कोणती?
सुरुवात बहुधा करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होते. कातडी पांढरी, मऊ पडून सोलते, चिरते. खाज, आग आणि दुर्गंधी येते. दुसऱ्या प्रकारात तळवा कोरडा पडून कोंडा सुटतो. तो साध्या भेगांसारखा दिसत असल्याने दुर्लक्षित राहतो. तिसऱ्या प्रकारात तळव्यावर पाणी भरलेले फोड येतात. नख पिवळट, जाड, ठिसूळ झाल्यास संसर्ग नखातही असू शकतो.

प्रत्येक चिखली बुरशीचीच का?
नाही. नुसत्या ओलाव्याने किंवा जिवाणूंमुळेही कातडी अशी होते. शंका असल्यास डॉक्टर कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

धोका काय?
चिरलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडे दार. पाय सुजून लाल होतो, ताप येतो. मधुमेहींमध्ये जखम चिघळते. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही याच चिरांतून शिरतात. चिखलात काम केल्यानंतर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

दुकानातले मलम चालेल?
स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि लक्षणेही झाकली जातात. म्हणूनच केंद्राने २०१८मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ ही बुरशीही भारतात आढळते. ती मुख्यत्वे जांघ आणि अंगावर नायटा करते.

मग करायचे काय?
घरी येताच पाय साबणाने धुऊन बेचके कोरडे पुसा. टॉवेल, चपला वेगळ्या ठेवा. गमबूट रात्रभर उलटे ठेवून वाळवा. क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचे मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा. खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असे नाही. दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहींनी मात्र पहिल्याच दिवशी.