ग्रहांचा फोटो कॅमेऱ्याने काढला की एआयने?

जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी चार ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. पश्चिमेला शुक्र आणि शनी, डोक्याजवळ गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र लाडवाएवढे ग्रह एका ओळीत मांडलेले 'फोटो' फिरत होते. ते खोटे होते, हे साध्या हिशेबाने कळतं.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल फोटोत आडवे सुमारे ४००० पिक्सेल असतात आणि साधारण ७० अंशांचं आकाश मावतं. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अंशाचा साठावा भाग येतो. गुरूचं बिंब तेव्हा त्याहूनही लहान होतं, चंद्राच्या साधारण चाळिसाव्या हिश्शाएवढं. मग त्यावरचे पट्टे फोटोत येणार कुठून? डिजिटल झूम फक्त पिक्सेल मोठे करतो, नवी माहिती आणत नाही. झूम करून पट्टे दिसलेच, तर ती सॉफ्टवेअरची भर समजा. २०२३ मध्ये चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला, तेव्हा फोनमधला एआय चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करतो, असं सॅमसंगनेच सांगितलं होतं.

खरा फोटो हवा असेल, तर फोन ट्रायपॉडवर लावा किंवा कठड्याला टेकवा. प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर, आयएसओ ४०० ते ८००, शटर २ ते ४ सेकंद ठेवा. बोटाच्या धक्क्याने फोन हलू नये म्हणून ३ सेकंदांचा टायमर लावा. ग्रह ठिपक्यासारखेच येतील आणि तेच बरोबर आहे. जानेवारी २०२५ मध्ये शुक्र-शनी लवकर मावळत होते, त्यामुळे साडेसातलाच गच्ची गाठावी लागत होती.