संघटनेला न पेलवलेली पेट्रा केली

संघटना मोठी की व्यक्ती, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. उत्तर सोपे आहे. ते आचरताना मात्र भल्याभल्यांची कसोटी लागते. पश्चिम जर्मनीतील ‘ग्रीन’ अर्थात हरित पक्षाने तर हे उत्तर नियमात बांधून ठेवले होते. ज्या स्त्रीमुळे त्या पक्षाचे नाव जगभर पोहोचले, तिचीच त्या नियमाशी गाठ पडली. पेट्रा केली यांची अणुविरोधी मते ज्यांना मुळीच मान्य नाहीत, त्यांनीही हा संघर्ष समजून घ्यावा असा आहे.

केली यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९४७ रोजी बव्हेरियातील ग्युंट्सबुर्ग येथे झाला. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर आईने अमेरिकी सैन्यातील एका अधिकाऱ्याशी विवाह केला आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी ही मुलगी शाळकरी वयातच अमेरिकेला गेली. वॉशिंग्टनमध्ये शिकत असताना १९६८ साली त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचा आणि त्यांच्या हत्येनंतर ह्यूबर्ट हम्फ्री यांचा प्रचार केला. गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसेचा संस्कार याच काळातला. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते घरातील एका मृत्यूमुळे. आईच्या दुसऱ्या विवाहापासूनची धाकटी बहीण ग्रेस १९७० साली, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी कर्करोगाने गेली. त्या चिमुरड्या देहावर झालेले किरणोपचार केली कधीच विसरल्या नाहीत. कर्करोगग्रस्त मुलांसाठी त्यांनी बहिणीच्या नावाने संस्था काढली आणि किरणोत्साराविरुद्धचा लढा हे जीवनकार्य मानले.

उदरनिर्वाहासाठी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगात नोकरी आणि राजकारणासाठी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, असे काही वर्षे चालले. चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांचे अणुऊर्जा व क्षेपणास्त्रविषयक धोरण असह्य होताच १९७९ साली केली यांनी पक्ष सोडला. जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरुह येथे हरित पक्षाची स्थापना झाली. ‘पक्षविरोधी पक्ष’ हे त्याचे वर्णन केली यांचेच. मार्च १९८३ च्या निवडणुकीत ५.६ टक्के मते आणि २७ जागा मिळाल्या. स्वेटर घातलेले, हाती फुलझाडे आणि प्रदूषणाने करपलेली झाडे घेतलेले खासदार बॉनच्या संसदेत शिरले, तेव्हा कोट-टायमधील सभागृह अवाक् झाले.

आता तो नियम. हरित पक्षाला नेते नको होते. सत्ता माणसाला बिघडवते, म्हणून खासदाराने निम्मी मुदत संपताच, म्हणजे १९८५ साली, राजीनामा देऊन यादीतील पुढच्या कार्यकर्त्याला जागा करून द्यायची. तोवर त्या कार्यकर्त्याने कार्यालयात काम शिकायचे. मानधनही कुशल कामगाराच्या वेतनाइतकेच ठेवून उरलेले निधीला द्यायचे. कागदावर हे सारे त्यागाचे, निरपेक्षतेचे वाटते. मात्र या नियमाच्या मुळाशी सहकाऱ्यावरचा विश्वास नव्हता, संशय होता. जो आज पुढे आहे तो उद्या माजेल, हे गृहीत धरूनच तो केला होता. दोन वर्षांत संसदीय कामकाज जेमतेम उमगते. त्यात कमावलेला अनुभव फेकून द्यायचा ही शिस्त म्हणायची की आत्मघात? केली यांनी पद सोडण्यास नकार दिला.

त्यांचीही बाजू निष्कलंक नाही. नियम झाला तेव्हा त्या पक्षातच होत्या. संघटनेचा निर्णय आपल्यापुरता गैरसोयीचा ठरला म्हणून मोडायचा, तर इतरांनी तो का पाळावा? नियम पाळणाऱ्यांत योश्का फिशर होते. त्यांनी १९८५ मध्ये संसद सोडली आणि त्याच वर्षाअखेर ते हेसेन राज्याचे मंत्री झाले. पुढे १९९८ ते २००५ अशी सलग सात वर्षे परराष्ट्रमंत्रीही. तोवर पक्षाने तो नियम मोडीत काढला होता. सत्तेची भीती बाळगणारे सत्तेत स्थिरावले आणि हटवादी ठरलेल्या केली यांना मंत्रिपद कधीच लाभले नाही.

केली यांचे खरे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत होते. युरोपातील शांततावाद्यांपैकी अनेकांना अमेरिकेची क्षेपणास्त्रे दिसत, मॉस्कोची दिसत नसत. केली यांनी उचलून धरलेल्या १९८० च्या क्रेफेल्ड आवाहनातही पाश्चात्त्य क्षेपणास्त्रांचाच निषेध होता, ही त्यातली उणीव. पण त्या तेथे थांबल्या नाहीत. मे १९८३ मध्ये पूर्व बर्लिनच्या अलेक्झांडर चौकात त्यांनी सहकाऱ्यांसह निःशस्त्रीकरणाचा फलक उभारला आणि साम्यवादी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एरिक होनेकर यांच्या भेटीला त्या गेल्या, त्या ‘तलवारींचे नांगर’ हे चिन्ह छापलेला सदरा घालूनच. होनेकर यांच्या राज्यात तेच चिन्ह अंगावर वागवणाऱ्या तरुणांचा छळ होत होता.

तिबेटबाबतही हेच. भारतातील वाचकाला केली यांची ही बाजू अधिक जवळची वाटेल. चीनशी व्यापार वाढवण्यात बॉन सरकार गुंतले असताना केली यांनी तिबेटचा प्रश्न संसदेत लावून धरला. ऑक्टोबर १९८७ मध्ये जर्मन संसदेने तिबेटमधील मानवाधिकारांविषयी ठराव केला. एप्रिल १९८९ मध्ये बॉनला तिबेटवर आंतरराष्ट्रीय सुनावणी घडवून आणण्यातही त्यांचाच पुढाकार होता. एका निर्वासित तिबेटी मुलीचे पालकत्वही त्यांनी घेतले होते. डाव्या सहकाऱ्यांना यातले काही अडचणीचे वाटले असेल, तर नवल नाही.

डिसेंबर १९९० ची निवडणूक जर्मनी एक झाल्यावरची होती. सारा देश एकीकरणाविषयी बोलत असताना हरित पक्षाने हवामानाचा प्रचार केला. राष्ट्राच्या मनात काय चालले आहे हे ज्याला कळत नाही, त्याला मतदार धडा शिकवतो. पश्चिमेत पक्षाला ४.८ टक्के मते पडली आणि पाच टक्क्यांची अट हुकली. केली यांची खासदारकी गेली. पुढच्याच वर्षी नॉयम्युन्स्टरच्या अधिवेशनात त्यांनी पक्षाच्या प्रवक्तेपदाची निवडणूक लढवली आणि त्या दारुण पराभूत झाल्या.

१९ ऑक्टोबर १९९२ रोजी बॉनमधील त्यांच्या घरात दोन मृतदेह सापडले. सोबती गेर्ट बास्टियान हे क्षेपणास्त्रांच्या निषेधार्थ सैन्यातून बाहेर पडलेले मेजर जनरल. निजलेल्या केली यांच्यावर त्यांनी गोळी झाडली आणि नंतर स्वतःवर, असा पोलिसांचा निष्कर्ष. चिठ्ठी नव्हती. सुरुवातीच्या बातम्यांनी याला ‘दुहेरी आत्महत्या’ म्हटले. झोपेत मारल्या गेलेल्या स्त्रीची संमती कोणी आणि केव्हा घेतली होती? मृत्यू १ ऑक्टोबरच्या सुमारास झाला असावा. वय अवघे ४४. जगभरातून जिला पत्रे येत, तिला अठरा दिवसांत तिच्या पक्षातल्या कोणी शोधले नाही.