नामांतरानंतरचे लेखन

काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. महाराष्ट्रातून त्यांच्याकडे येणाऱ्या यात्रेकरूला पूर्वी पत्राने वाट कळविली जाई, आणि त्या वाटेत मोगलसराई हे नाव बहुधा असेच. २०१८ साली ते स्थानक पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले. २०२१ साली मंडुवाडीह स्थानकाला बनारस हे नाव मिळाले. शहराचे अधिकृत नाव १९५६ पासून वाराणसी आहे. परिणामी काशी, बनारस आणि वाराणसी ही एकाच नगरीची तीन नावे आज तीन निरनिराळ्या रेल्वेस्थानकांची नावे झाली आहेत. जुन्या पत्रातील मोगलसराई फलकावर न आढळल्यास यात्रेकरू निदान चौकशी तरी करील. परंतु जुन्या प्रवासवर्णनातील बनारस स्टेशन म्हणजे आजचे बनारस स्थानक नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

नामांतरावर वाद होतो तो नावाच्या योग्यायोग्यतेचा. नाव बदलल्यानंतर त्या नावावर विसंबून असलेल्या लेखनाचे काय करावयाचे, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः नामांतराचा खरा भार या दुसऱ्या प्रश्नातच असतो.

संगणकाच्या क्षेत्रात हा भार विशेष स्पष्ट दिसतो. आज्ञावली रचणाऱ्यांसाठी जे साधनसंच तयार केले जातात त्यांत एकेका कामासाठी एकेक ‘वर्ग’ कल्पिलेला असतो व तो नावाने ओळखला जातो. पायथन या संगणकभाषेत मांडणीच्या फायली वाचणारे ‘कॉन्फिगपार्सर’ आणि ‘सेफकॉन्फिगपार्सर’ असे दोन वर्ग होते. २०११ साली, तिच्या ३.२ या आवृत्तीत, पहिला वर्ग काढून टाकण्यात आला आणि दुसऱ्याला पहिल्याचे नाव देण्यात आले. ‘सेफकॉन्फिगपार्सर’ हे नाव कालबाह्य ठरवूनही पर्यायी म्हणून चालू ठेवले गेले. ते २०२३ साली, ३.१२ या आवृत्तीत नाहीसे झाले. त्या वेळी जुन्या नावावर विसंबलेल्या कित्येक आज्ञावल्या अडल्या. बारा वर्षांची मुदतही पुरली नाही.

तरीही अडलेल्या आज्ञावलीची चिंता फारशी नको, कारण अपरिचित नाव संगणक तत्काळ नाकारतो. कागद काहीच नाकारीत नाही. पाठ्यपुस्तकात, मार्गदर्शिकेत, शिक्षकाच्या टिपणात जुने नाव निर्वेधपणे राहते आणि नवशिक्याची वाट चुकविते. जाणत्याला पुस्तकाची चूक ओळखता येते. नवशिका ती स्वतःची समजतो. आणि जेथे नाव तेच राहून त्याचा अर्थ सरकला आहे, तेथे तर चुकीची शंकाही येत नाही. २०११ पूर्वीच्या पुस्तकातील ‘कॉन्फिगपार्सर’ आणि आजचा ‘कॉन्फिगपार्सर’ यांतील नाते त्या दोन बनारस स्थानकांसारखेच आहे.

या प्रश्नाचा विचार मराठी परंपरेला नवा नाही. १६७४ साली काशीच्या गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर फार्सी राजव्यवहारातील शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. त्याचीही रचना राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांची आहे. नवे शब्द रूढ करणे एवढाच त्याचा हेतू मानला, तर यश मर्यादितच म्हणावे लागेल. पेशव्यांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ आले, पण लोकांच्या तोंडी आणि इतिहासात ‘पेशवा’च राहिला, फडणीस, चिटणीस, हवालदार हेही हटले नाहीत. परंतु कोशकाराने नव्या शब्दाशेजारी जुना शब्द जपून ठेवला. म्हणूनच हा ग्रंथ दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि जुन्या कागदांच्या अभ्यासकाला तो आजही उपयोगी पडतो. नामांतर म्हणून जे अर्धवट राहिले, ते नामांतराचा दस्तऐवज म्हणून पूर्ण ठरले.

जुनी नावे राखल्यास नवी रुजत नाहीत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो निराधार नाही. मात्र त्याचे उत्तर जुने नाव पुसण्यात नसून त्याची जागा ठरविण्यात आहे. मुख्य विवेचनात केवळ नवे नाव असावे. सूचीत जुन्याची नोंद असावी आणि तीपुढे नवे नाव व बदलाचे वर्ष द्यावे. नाव तेच राहून अर्थ पालटला असेल, तर तो इशारा सूचीवर न सोपविता विवेचनातच द्यावा. सरसकट शब्दबदल यंत्रालाही करता येतो. कोणत्या वाक्यातील नाव इतिहास म्हणून राखावयाचे आणि कोणत्यातील सूचना म्हणून बदलावयाचे, हा विवेक संपादकाचाच.

मराठीत या विवेकाची निकड अधिक आहे. संगणकविषयक मूळ पुस्तिका इंग्रजीत असतात. त्या सुधारल्या जातात तेव्हा त्यांवर आधारलेला मराठी मजकूर आपोआप सुधारत नाही. भाषांतर एकदा करून भागत नाही, ते राखावे लागते. हे राखण्याचे काम कोणाकडे सोपविलेच नसेल, तर मातृभाषेतून शिकू पाहणाऱ्यालाच सर्वांत शिळे ज्ञान मिळते, आणि दोष मात्र भाषेच्या माथी येतो. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी कोश आणि परिभाषा घडविण्याचे श्रेय घेतले आहे. त्या परिभाषेवर उभ्या राहिलेल्या पुस्तकांची वेळोवेळी झाडाझडती घेणे हेही आता त्यांचेच काम मानले पाहिजे.