बाहेरचा विश्वस्त हवाच

‘आपला पैसा, आपली माणसे, मध्ये बाहेरचा कशाला?’ निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कल्याण निधीवर एक स्वतंत्र विश्वस्त घ्या, असे हिंगोलीत कुणी म्हटले की एक ज्येष्ठ गृहस्थ हे वाक्य टाकतात आणि टाळ्या घेतात. त्यांचा पक्ष थोडक्यात असा : आम्ही उभी नोकरी एकत्र केली, एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतो, परक्याला आमची दुःखे कळणार नाहीत, तो मानधन मागेल, आणि त्याला नेमणे म्हणजे आजवर राबलेल्या विश्वस्तांवर अविश्वास दाखवणे.

यातल्या ओळखीच्या मुद्द्याची मला मनापासून चीड आहे, कारण निधीचे सगळे दुखणे तिथेच आहे. निवृत्तांच्या निधीचे पदाधिकारी बहुधा कोण होतात? नोकरीत जे वरच्या खुर्चीवर होते, तेच. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या शिपायाची विधवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागायला येते, तेव्हा समोर बसलेल्या साहेबांनीच तिच्या नवऱ्याचा गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे लिहिलेला असतो. तो संघटनेच्या कोणत्या गटात होता, संपात कुणाच्या बाजूने उभा राहिला, हेही त्यांच्या लक्षात असते. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणून अर्ज बाजूला पडतो. नकाराचे कारण इतिवृत्तात येत नाही, आणि ती बाई ते विचारायलाही धजत नाही. त्याच बैठकीत औंढ्याचा जुना सोबती दुसऱ्यांदा मदत मागतो आणि त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. रोज संध्याकाळी त्याच पारावर बसायचे असते. ओळखीची ही दोन्ही फळे आमच्या गृहस्थांना दिसत नाहीत, कारण त्यांचा स्वतःचा अर्ज कधी अडलेला नाही.

शिवाय हे विश्वस्त स्वतःही लाभार्थी असतात. मर्यादित गंगाजळीतून कुणाला किती द्यायचे हे ठरवणारा माणूस त्याच गंगाजळीवर हक्क सांगणारा असतो. यावर कायद्याने फार पूर्वी विचार केला आहे. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याचे कलम ६० सांगते की, न्यासाची मालमत्ता योग्य माणसांच्याच हाती असावी हा लाभार्थ्याचा हक्क आहे. आणि ज्याचा हितसंबंध लाभार्थ्याच्या हिताशी विसंगत आहे, तो योग्य माणूस नव्हे. विश्वस्ताने न्यासाचा पैसा स्वतःच्या किंवा सहविश्वस्ताच्या तारणावर गुंतवू नये, हे कलम ५४ बजावते. हा कायदा खासगी न्यासांसाठी आहे, आणि संस्था म्हणून नोंदलेले अनेक निधी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात, हे मला ठाऊक आहे. पण विधवेच्या पैशाला खासगी न्यासाइतकेही संरक्षण नको, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

ठेवींचेही तेच. १९५० च्या अधिनियमाचे कलम ३५ शिल्लक रक्कम कुठे ठेवावी याच्या मर्यादा घालते. तरी ‘चेअरमन आपलाच आहे, व्याज जास्त देतो’ एवढ्या आधारावर पैसे पतसंस्थेत वळवण्याचा मोह होतोच. मराठवाड्यात अलीकडे पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या, त्यांच्या दारात रडणाऱ्या ठेवीदारांत निवृत्त माणसे कमी नव्हती. ‘हे नियमात बसते का?’ असे टेबलावर विचारणारा, आणि विचारल्याने ज्याची मैत्री तुटणार नाही, असा एक तरी माणूस हवा.

बाहेरच्याचे वावडे ही मंडळी आजच सांगतात, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या तरुणपणी कितीतरी युनियनांचे पुढारी बाहेरचेच होते. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा निम्मे पदाधिकारी बाहेरचे चालवून घेत असे. २००१ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात ही मुभा एक तृतीयांश किंवा पाच, यांतल्या कमी आकड्यावर आली. ज्या बाहेरच्या वकिलाने आमचा बोनस भांडून मिळवला, त्याला ‘तुला आमची दुःखे काय कळणार’ असे कुणी विचारले नव्हते. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानेही मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींबरोबर मंडळावर स्वतंत्र सदस्य ठेवले.

मानधनाचा प्रश्न प्रवासखर्चावर मिटतो. अविश्वासाचे म्हणाल, तर लेखापरीक्षक दरवर्षी येतो, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही.

त्यांच्या बाजूने एकच खरा आक्षेप निघतो, तो त्यांनी घेतलाच नाही : स्वतंत्र म्हणवणारेही माना डोलावतात. २००८ च्या डिसेंबरात सत्यमच्या संचालक मंडळाने प्रवर्तकाच्या कुटुंबाशी संबंधित कंपन्या घेण्याचा ठराव स्वतंत्र संचालकांच्या साक्षीनेच मंजूर केला होता. म्हणून नेमणूक कोण करतो, याला सर्वाधिक महत्त्व आहे.

माझी मागणी मोठी नाही. दर मंडळात किमान एक विश्वस्त असा असावा, जो सभासद नाही, सभासदाचा नातेवाईक नाही आणि निधीशी ज्याचा कसलाही व्यवहार नाही. निवृत्त बँक अधिकारी, वाणिज्य शाखेचे प्राध्यापक, वसमत-कळमनुरीकडचे एखादे वकील; अशी माणसे जिल्ह्यात मिळतात. त्याची निवड कार्यकारिणीने न करता सर्वसाधारण सभेने गुप्त मतदानाने करावी. मुदत तीन वर्षांची. त्याच्या सहीशिवाय मुदत ठेव मोडू नये, आणि प्रत्येक नाकारलेल्या अर्जावर कारण लिहून खाली त्याची सही असावी. विश्वस्तांत बदल झाला की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावेच लागते. त्याच कागदात हे नावही जाईल. घटनादुरुस्तीचा हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्या आणि ज्यांचे अर्ज अडले आहेत, त्यांना त्या सभेत आधी बोलू द्या.