सहा वर्षांच्या आधी

आपल्या मुलात काही उणे आहे ही शंका बहुधा आईला सर्वांच्या आधी येते. हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, वर्ष उलटले तरी बोटाने काही दाखवीत नाही, पाठीला आधार दिल्याशिवाय बसत नाही. ती हे बोलून दाखविते, तेव्हा घरातली वडील माणसे धीर देतात : मुलगे उशिराच बोलतात, याचे आजोबाही पाचव्या वर्षी बोलू लागले. या शब्दांत मायाच असते. मग ग्रामदेवतेला कौल लावला जातो, नवस बोलला जातो आणि तज्ज्ञाची पायरी चढेपर्यंत मूल तीन-चार वर्षांचे झालेले असते. नवसाला आमची हरकत नाही. नवस फेडण्याची वाट पाहत गेलेल्या वर्षांबद्दल मात्र बोलले पाहिजे.

कारण ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगते. जन्मजात बहिरेपण जन्मानंतर थोड्याच दिवसांत तपासता येते आणि पहिल्या सहा महिन्यांत उपाय सुरू झाले तर मूल बोलकी भाषा पुष्कळ अंशी आत्मसात करू शकते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नसते. परंतु योग्य हालचालीअभावी स्नायू आखडतात, सांधे जखडतात आणि कदाचित आधाराने उभे राहू शकले असते असे पाय तसेच वाकून राहतात. म्हणजे मुलाच्या वाट्याला आलेले सारेच व्यंग जन्माचे नसते. त्यात थोडी भर आपल्या दिरंगाईचीही असते.

अशा कुटुंबांना आशा कशाची द्यावयाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. मूल संपूर्ण बरे करून देतो असे सांगणारे गावोगाव भेटतात आणि दागिने गहाण टाकून त्यांची पदरमोड करणारे आईबापही भेटतात. खरी आशा याहून लहान आणि याहून टिकाऊ असते. मुलाने आपल्या हाताने घास तोंडापर्यंत नेला, पाणी हवे म्हणून खूण केली, भावंडाबरोबर अर्धा तास खेळला, हे त्या घराला सणासारखे असते. तज्ज्ञाकडे आठवड्यातून एखादा तास मिळतो. उरलेले सारे दिवस आई, आजी आणि भावंडे यांच्या हाती असतात. आंघोळ घालताना, जेवू घालताना, बोलताना काय करावे हे त्यांना कोणी शिकविले, तर घरच उपचारकेंद्र बनते. ‘आज मी याच्यासाठी काय करू?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले, की हताश झालेले घर पुन्हा कामाला लागते.

कायद्यात याची जाणीव नाही असे नाही. २०१६ साली संमत झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याने विकलांगतेचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असे सांगितले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठीची कार्यपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. तथापि त्याच कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो सहाव्या वर्षापासून. ज्या वर्षांत सर्वाधिक साधते, त्या वर्षांत हक्क नाही, केवळ योजना आहेत. आणि योजना शोधत हिंडण्याचे काम आईबापांवर सोपविलेले आहे.

गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवून साऱ्या देशाचे लक्ष वेधले. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांनी येथे विशेष शिक्षणाची परंपरा उभी केली. परंतु काणकोणहून बांबोळीचे इस्पितळ साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. ज्या घरचा कर्ता आखातात किंवा बोटीवर आहे, तेथील एकट्या बाईने मान न धरणारे मूल कडेवर घेऊन, बस बदलीत, दर आठवड्याला तेथवर यावे, ही अपेक्षा क्रूर होय. बारा तालुक्यांच्या राज्यात फिजिओथेरपिस्ट व स्पीच थेरपिस्ट ठरावीक वारी प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसावेत, अंगणवाडी सेविकेला शंकेची लक्षणे ओळखता यावीत आणि तिने पाठविलेल्या मुलाचे पुढे काय झाले याची नोंद कोणीतरी ठेवावी, एवढी आमची मागणी आहे. उत्सवाला पैसा लागतो, तसा यालाही लागेल. मात्र तो अशक्यप्राय नाही.

उरलेले काम आपणा सर्वांचे आहे. या घरांना दयेचा उसासा नको असतो. त्यांना लग्नाचे आमंत्रण मुलासकट हवे असते, जत्रेत कोणी टक लावून पाहू नये असे वाटते, आणि ‘आईच्या पोटात असताना काय केलेस?’ हा प्रश्न कायमचा बंद व्हायला हवा असतो. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही चिंता प्रत्येक आईबापाला रात्री जागविते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची कायदेशीर सोय केली असली, तरी त्या चिंतेवरचा पहिला उतारा मुलाला शक्य तितके स्वावलंबी करणे हाच आहे. आणि त्याची सुरुवात सहाव्या वर्षी नव्हे, पहिल्या शंकेच्या दिवशी झाली पाहिजे.