आधी घर दाखवा, मग आजारी पडा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. जाहिरातीत याला 'सर्वांसाठी' म्हणतात. माझं भांडण या 'सर्वां'शी आहे. कारण वरच्या वाक्यातला सगळ्यात महाग शब्द '५ लाख' हा नाही. तो 'कुटुंब' हा आहे.

सेलूसारख्या तालुक्याच्या गावात मुलगा साडी नेसायला लागला किंवा मुलगी पॅंट-शर्ट घालून 'मी मुलगा आहे' म्हणाली की पुढे काय होतं, हे गावात वाढलेल्या कोणाला सांगावं लागत नाही. आधी बाबा-बुवा, मग मारहाण, मग घाईघाईत ठरवलेलं लग्न, आणि शेवटी एक दिवस ते पोरगं रेल्वेत बसून परभणी, नांदेड नाहीतर मुंबई गाठतं. घरातून असं निघताना कोणी रेशनकार्डाची झेरॉक्स खिशात घालून निघत नाही.

मग दहा वर्षांनी अपेंडिक्स फुटतं. किडनी स्टोन होतो. अपघात होतो. हॉस्पिटलात बसलेला आरोग्यमित्र दोन गोष्टी मागतो: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. रेशनकार्ड त्या घरात, ज्या घराचं दार बंद आहे. त्यावर जुनं नाव. ओळखपत्रावर दुसरं नाव. समोर उभा असलेला चेहरा तिसराच. नवीन कार्ड काढायला तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं, तर सांगतात, "जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा." कोणाकडून आणायचा? ज्यांनी माणूसच घरातून कमी केला, त्यांच्याकडून?

मी सेलूचा, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे डेटाबेसच्या प्रत्येक टेबलाला एक 'प्रायमरी की' असते. नोंद ज्या एका गोष्टीवरून ओळखायची, ती ही की. ती चुकीची निवडली की वरचं ॲप कितीही देखणं असो, काही माणसं त्या यंत्रणेला कधीच सापडत नाहीत. आपल्या आरोग्य योजनांनी 'घर' ही की निवडली आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झाली, तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून घेतली. तीही घरटी. बहुतेकांना याचा त्रास जाणवत नाही, कारण त्यांचं घर त्यांना घरात ठेवतं. ज्यांना घरानं बाहेर काढलं, त्यांना योजनाही बाहेर काढते. यात कोणा कारकुनाचा दुष्टपणा असावाच लागत नाही. रकानाच तसा आहे.

"त्यांनी आपलं वेगळं कुटुंब दाखवावं की," असं कोणी म्हणेल. कुटुंब आहेच. हिजडा समाजात गुरू आणि चेला हे नातं शतकानुशतकं चालत आलंय. तापानं फणफणलेल्या चेल्याच्या उशाशी गुरू बसते, म्हाताऱ्या गुरूचं दुखणंखुपणं चेला काढतो. हे कुटुंब नाही, तर काय आहे? पण कार्डावरच्या नात्याच्या रकान्यात पत्नी बसते, मुलगा बसतो, सून बसते. गुरू बसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दीपिका सिंग खटल्यात स्पष्ट म्हटलं की आई-बाप-मुलं या साच्यात न बसणारी कुटुंबंही खरी कुटुंबं आहेत आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं की समलैंगिक जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले माना. म्हणजे व्याख्या रुंद करता येते, हे सरकारनंच मान्य केलंय. मग ती रुंदी गुरू-चेल्यापाशी येऊन का थांबते?

आणि घराशिवाय कार्ड देता येतच नाही, असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना आयुष्मान योजना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. वय आणि ओळख पटवायला आधार पुरतं. चांगलंच झालं, आपल्या आजी-आजोबांची सोय झाली. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: मनात आलं की सरकार रेशनकार्ड बाजूला ठेवून थेट माणसाकडे बघू शकतं.

तृतीयपंथी व्यक्तींसाठीही तसं बघायचं कागदोपत्री ठरलेलं आहे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालय यांच्यात करार झाला. त्यातली 'आयुष्मान भारत टीजी प्लस' ही योजना प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देणार होती. कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियाही त्यात धरलेल्या होत्या. अट दोन गोष्टींची: राष्ट्रीय पोर्टलवरून काढलेलं ओळख प्रमाणपत्र हवं, आणि केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून असाच लाभ मिळत नसावा.

ही दुसरी अट नीट वाचा. राज्य म्हणतं, आमची योजना सर्वांसाठी आहे. केंद्र म्हणतं, दुसरीकडे मिळत नसेल तरच आमच्याकडे या. या दोन खिडक्यांच्या मध्ये माणूस किती दिवस उभा राहू शकतो, याचा अंदाज सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि तो शेतकरी तरी निरोगी असतो.

"मग खासगी विमा घ्या," असंही ऐकू येतं. तिथली गंमत बघा. २७ सप्टेंबर २०१९ रोजी विमा नियामकानं आरोग्य विम्यातून काय वगळता येईल, याची प्रमाणित यादी काढली. त्यातला सातवा कोड आहे लिंगबदलाच्या उपचारांचा. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, ५ डिसेंबर २०१९ रोजी, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारवर जबाबदारी टाकली आहे की याच शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि इतर आजार यांचा खर्च भागवणाऱ्या सर्वंकष विम्याची तरतूद करावी. एका हातानं दार लावून घेतलं, दुसऱ्या हातानं त्याच दारावर 'स्वागत' अशी पाटी लावली.

तुम्ही नोकरी करत असाल तर कंपनीच्या आरोग्य विम्याची पीडीएफ आत्ता फोनवर उघडा. 'जेंडर' हा शब्द शोधा. सातवा कोड सापडला, तर जूनमध्ये लोगोला इंद्रधनुष्याचे रंग लावणाऱ्या एचआरला एक साधी मेल टाका: हे कलम पुढच्या नूतनीकरणात काढायला सांगणार का? वगळायलाच हवं, असं त्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. वगळता येईल, एवढंच आहे.

आता नेहमीचा प्रश्न. "असे लोक असतात तरी किती?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ जण नोंदले गेले. खरा आकडा मोठा असणार, कारण दारात आलेल्या गणना करणाऱ्याला घरच्यांसमोर हे सांगण्याची हिंमत किती जणांत असेल? पण समजा, संख्या खरंच लहान आहे. मग खर्चही लहानच आहे. संख्या कमी म्हणून माणसं दिसत नाहीत, आणि खर्चाचा विषय निघाला की तीच माणसं अचानक डोंगराएवढी होतात, असं कसं?

मला ५ लाखांच्या आकड्याचंही फार कौतुक नाही. या योजना मुख्यतः भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. हार्मोनच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, हे सगळं ओपीडीचं काम. त्याचा खर्च महिन्याच्या महिन्याला खिशातून जातो. परवडलं नाही की मेडिकलवरून परस्पर गोळ्या घेणं आलं, कोणी सांगितलेल्या डोसनं. त्यातून रक्ताची गुठळी झाली, लिव्हर बिघडलं की मग योजना जागी होते. आधी मोडू द्यायचं आणि मग जोडायला पैसे द्यायचे, याला विमा म्हणतात. आरोग्य म्हणत नाहीत.

तर मागण्या साध्या आहेत. एकट्या तृतीयपंथी व्यक्तीला जुन्या घराच्या दाखल्याशिवाय स्वतंत्र रेशनकार्ड द्या. गुरू-चेला हे नातं नात्याच्या रकान्यात घ्या. ज्याला ओळख प्रमाणपत्र काढायचं नाही, त्याच्यावर सक्ती करू नका. गावात सेवा केंद्रवाला आपल्या मावसभावाचा मित्र असतो आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते. हार्मोन आणि तपासण्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मिळू द्या. आणि सेलूच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस, एक टेबल, आणि त्यावर या समाजातलीच एक प्रशिक्षित व्यक्ती बसवा. मानधन देऊन, समाजसेवा म्हणून नव्हे.

पोर्टल पुरेसं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना पोर्टल बनवणाऱ्यांपैकी एक म्हणून सांगतो: पोर्टल फॉर्म घेतं. नाव जुळलं नाही तर तांबड्या अक्षरात 'त्रुटी' म्हणतं. त्या त्रुटीपुढे बसून "थांब, हे असं करू" म्हणायला माणूसच लागतो.

तो दिवस उगवेपर्यंत हे काम तुमच्या-माझ्या फोनवरून होऊ शकतं. ओळख प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. २०२० च्या नियमांत त्यासाठी ३० दिवसांची मुदत ठरवली होती. परभणीच्या समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करता येतो. फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८, आयुष्मानची १४५५५. कोणी विचारलं तर फॉर्म भरून द्या, कागद स्कॅन करून द्या, खिडकीपाशी सोबत उभे राहा, आणि त्यांचं नाव त्यांनी सांगितलं तेच घ्या.

रेल्वेत दहाची नोट पुढे करून आशीर्वाद घेताना आपण कोणाला रेशनकार्ड मागत नाही. उपचारांच्या वेळी तरी का मागावं?