फटफटीतला अज्ञात रोध

गेल्या हिवाळ्यात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला आमच्या महाविद्यालयात एक मुलगा सव्वा तास उशिरा पोहोचला. जिंतूरकडच्या एका खेड्यातला. सकाळची एस.टी. एकच. ती चुकली की फटफटीचाच आधार, आणि नेमकी त्या दिवशी फटफटी चालू होईना. बाहेरगावचे परीक्षक समजूतदार होते. त्यांनी त्याला दुपारच्या तुकडीत बसवून घेतले. त्याच्या वाट्याला प्रयोग आला तो मीटर ब्रिजचा : तारेचा अज्ञात रोध काढा. मुलाने तो चांगला काढला.

संध्याकाळी फाटकाशी तो पुन्हा त्याच गाडीपाशी उभा दिसला. बटण दाबले की सीटखालून नुसता टक-टक-टक आवाज येई आणि इंजिन ढिम्म. मी विचारले तेव्हा त्याने सकाळची हकिगत सांगितली. गाडीला किक नाही, फक्त सेल्फ. घरच्यांचे मत पडले की बॅटरीच बसली. वास्तविक पंधरा दिवसांपूर्वीच, हाच त्रास सुरू झाला म्हणून, वडिलांनी कापसाच्या पैशातून बाराशे रुपयांची नवी बॅटरी घातली होती. कोणी म्हणाले, नव्या गाड्यांची बॅटरी बसली की त्या धक्क्यानेही चालू होत नाहीत. म्हणून धक्का मारून पाहण्याचेही कोणाला सुचले नाही. बॅटरी काढली, शेजारी चार्जिंगला लावली, पुन्हा बसवली, त्यात तास गेला. शेवटी चिडून दोघांनी गाडी ढकलली, आणि ती चटकन चालू झाली!

येथे क्षणभर थांबा. गाडी धक्क्याने चालू झाली, याचा अर्थ काय? पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी पडते आहे, आणि बॅटरीत पेट्रोलचा पंप व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालवण्याइतका जीव आहे. बॅटरी खरोखर पूर्ण बसली असती, तर इंधन फवारणाऱ्या या गाड्या धक्क्याला सहसा दाद देत नाहीत. म्हणजे दोष कोठे तरी बॅटरीपासून सेल्फच्या मोटारीपर्यंत जाणाऱ्या आणि तेथून परत येणाऱ्या जाड तारांच्या वाटेवर होता. उत्तर हाती आले होते. ते वाचणारा तेथे कोणी नव्हता. खरे सांगायचे तर फाटकाशी उभे राहून मलाही ते लगेच वाचता आले नाही.

आम्ही दोघांनी गाडी ढकलत रस्त्यापलीकडच्या गॅरेजवर नेली. तेथे अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता. त्याच्याकडे ना मीटर ना स्कॅनर. इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढेच त्याचे उपकरण. त्याने एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली आणि मुलाला म्हणाला, "दाब बटण." टक-टक सुरू झाली आणि प्रत्येक टक्क्याबरोबर बल्ब मिणमिणू लागला.

"सर, बॅटरीचं काही नाही," तो म्हणाला. "हिला अर्थच लागंना."

मला आधी वाटले, पोरगा तत्त्वज्ञान सांगतो आहे. मग उलगडा झाला की तो 'अर्थिंग'विषयी बोलत होता. बॅटरीचे ऋण टोक जाड तारेने इंजिनाला जोडलेले असते. दोन्ही टोके सारख्याच विभवाला असायला हवीत, म्हणजे त्यांच्यामध्ये लावलेला बल्ब विझलेलाच राहायला हवा. ज्या ठिकाणी दिवा लागू नये त्या ठिकाणी तो लागला, म्हणजे त्या वाटेवर कोठे तरी विभवांतर पडते आहे, म्हणजेच तेथे रोध आहे. त्याने तारेच्या टोकाचा बोल्ट काढला. खाली पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. पॉलिश पेपरने घासले, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचे बोट फिरवले. बटण दाबताच गाडी चालू. मजुरी तीस रुपये.

आता थोडे गणित करू. सेल्फची मोटार म्हणजे ०.१५ ओहमचा रोध, असे सोईसाठी धरा. १२ व्होल्टला ती ८० अँपिअर धारा घेईल. भुकटीमुळे सांध्यात आणखी ०.१५ ओहम रोध आला, तर धारा निम्मी होते आणि मोटारीच्या वाट्याला अवघे ६ व्होल्ट येतात. उरलेले ६ सांधाच खाऊन टाकतो. त्या टक-टकीचे कारणही हेच. रिले ओढला जातो, मोटार धारा मागते, विभवांतर कोसळते, रिले सुटतो. धारा थांबली की विभवांतर पूर्ववत होते आणि रिले पुन्हा ओढला जातो. आता त्याच सांध्यातून ब्रेकचा २१ वॅटचा दिवा लावून पाहा. पेटलेल्या दिव्याचा रोध सुमारे ७ ओहम. त्याच्यापुढे ०.१५ ओहम काय करणार? जेमतेम पाव व्होल्ट कमी होतो; डोळ्याला कळतही नाही. म्हणून 'हॉर्न वाजतो, दिवा लागतो, म्हणजे सगळ्या वायरी ठीक. मग बॅटरीच थकली' ही आपल्याकडची लाडकी समजूत चुकीची आहे. लहान धारेपुढे जो सांधा निर्दोष ठरतो तोच मोठ्या धारेपुढे नापास होतो. नुसता मीटर लावून १२.६ व्होल्ट वाचणारेही येथेच फसतात. ओझे टाकल्याशिवाय बैलाची ताकद कळत नाही, तसेच हे.

बॅटरी निर्दोष असतेच असे माझे म्हणणे नाही. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हाने बॅटरीचे आतून नुकसान होते, आणि ते उघडकीस येते थंडीच्या सकाळी, जेव्हा रासायनिक क्रिया मंदावलेली असते आणि इंजिनातले तेल घट्ट झालेले असते. पण तपासून बदलणे वेगळे आणि बदलून तपासणे वेगळे. दुसऱ्या रीतीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून होतो.

माझा मुद्दा मात्र गॅरेजचा नसून आमच्या प्रयोगशाळांचा आहे.

वीस वर्षे मी हा विषय शिकवतो आहे. आमच्याकडे प्रयोग कसा होतो, ते सांगतो. परिचर सकाळी येऊन मांडणी जुळवतो. एखाद्याच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही की विद्यार्थी हात वर करतो, "सर, चालत नाही." परिचर जातो, एक किल्ली घट्ट करतो, तारेचे टोक खरवडतो, काटा हलतो आणि विद्यार्थी पुढची वाचने घेऊ लागतो. म्हणजे त्या तासातला सर्वांत मोलाचा, विचार करायला लावणारा भाग आम्ही परिचराकडे सोपवला आहे. पुस्तकातल्या आकृतीत तारेला रोध नसतो, सांधे गंजत नाहीत आणि प्रत्येक रोधाची किंमत शेजारी छापलेली असते. बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या तीस गुणांत बिघाड शोधण्याला मी आजवर एकही गुण दिलेला नाही.

ते गुण द्यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान एक प्रयोग असा असावा, की मांडणीत मुद्दाम एक दोष ठेवलेला आहे : वरून धडधाकट दिसणारी पण आतून तुटलेली वायर, काजळी धरलेली किल्ली, उडालेला फ्यूज. विद्यार्थ्याला एक बल्ब आणि अर्धा तास द्यावा. गुण दोष सापडल्याचे नकोत, तर 'मी आधी काय तपासले, त्यावरून काय वगळले, मग काय तपासले' हे वहीत लिहिल्याचे असावेत. ओळीने आठ वायरी असतील आणि त्यांतली एकच तुटलेली असेल, तर एकेक तपासत बसणाऱ्याला सात वेळाही लागू शकतात. मधोमध बल्ब लावून 'येथपर्यंत वीज येते का?' असे विचारणाऱ्याला तिनातच उत्तर मिळते. हे ज्याला स्वतःहून सुचले, त्याला मी पैकीच्या पैकी देईन.

माझ्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, "हे आयटीआयचे काम, आपले नव्हे." हे मला पटत नाही. फॅरडेने १८३१ मध्ये प्रवर्तन शोधले ते तारांची वेटोळी हाताने गुंडाळून. आणि त्याच प्रवर्तनातून गोटलोब होनोल्ड या बॉशच्या अभियंत्याने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, तेव्हा इंजिनांना भरवशाची ठिणगी मिळाली. हाताचे काम कोठे संपले आणि भौतिकी कोठे सुरू झाली, याची रेषा मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, गाड्यांत संवेदक आणि संगणक आले. आता जुन्या युक्त्यांचा काय उपयोग? काही युक्त्या खरोखरच गेल्या, हे मान्य. माझे वडील त्यांच्या राजदूतचा पॉइंट घासत, प्लग काढून इंजिनाच्या पात्याला टेकवत आणि किक मारून निळी ठिणगी पाहत. ते पाहायला मला फार आवडे. पण ती परीक्षा तेव्हाही अपुरीच होती. बाहेरच्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत त्याहून बरेच अधिक. म्हणून बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत पडेलच असे नाही. शिवाय हजारो व्होल्टचा झटका आणि जवळच पेट्रोलची वाफ! तुम्ही हे करू नका. नव्या गाड्यांत तर त्याने इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतो. अशा युक्त्या जातील. परंतु संगणकालाही वीज त्याच वायरींतून मिळते आणि त्याचे सांधेही पावसात गंजतात. स्कॅनर 'अमुक संवेदकाकडून संदेश नाही' एवढेच सांगतो. संवेदक मेला की त्याची वायर उंदराने कुरतडली, हे शोधायला पुन्हा माणूसच लागतो.

मंडळाचा अभ्यासक्रम माझ्या हाती नाही, पण महाविद्यालयातली सराव परीक्षा आहे. या वर्षी मी लाकडी फळीवर आठ वायरींची एक मांडणी करून घेतली आहे. एक वायर आतून तोडली, वरचे आवरण शाबूत ठेवले. परवा आमचे परिचर विचारत होते, "सर, तुटलेली कोणती, तेवढं सांगून ठेवा; पोरं अडली तर मला माहीत असावी." मी त्यांच्या हातात बल्ब दिला. तिसऱ्या वेळेला त्यांनी वायर शोधून काढली, आणि मग मला दुसरीच वायर तोडावी लागली.